मुंबईत स्वतंत्र सामुदायिक रेडिओ कार्यक्रम: राजकारण, वस्तीचे प्रश्न आणि गाणी एका तासात

प्रश्न थोडक्यात असा: लालबाग-परळ आणि गोवंडी इथल्या सहा-सात जणांना आठवड्यातून एकदा तासाभराचा मराठी रेडिओ कार्यक्रम करायचा आहे. त्यात वस्तीचं राजकारण हवं, सामाजिक प्रश्न हवेत आणि स्थानिक गाणी-शाहिरीही हवी. पैसे कुठल्याही पक्षाचे किंवा बिल्डरचे नकोत. परवाना लागतो का, सामान किती लागतं आणि गाडी कुठे अडते, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

आधी परवान्याचं बोलू, कारण बरेच गट एफएमच्या मागे लागून दोन वर्षं घालवतात आणि मग थकतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला आणि त्या पायावर पुढे सामुदायिक रेडिओचं धोरण उभं राहिलं. २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली. २००६ पासून स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रंही त्यात आली. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा कलिन्यातून १०७.८ वर चालणारं मुंबई विद्यापीठाचं मस्ट रेडिओ ही त्याच धोरणाची फळं. अर्ज व्यक्तीला करता येत नाही, पक्षाला किंवा पक्षाशी जोडलेल्या संघटनेलाही नाही. नोंदणीकृत, नफा न कमावणारी आणि त्या भागात किमान तीन वर्षं काम केलेली संस्था लागते. ट्रान्समीटरची प्रभावी शक्ती साधारणपणे १०० वॅटच्या आत आणि अँटेनाची उंची ३० मीटरच्या आत ठेवावी लागते. सपाट मुलखात एवढ्यावर दहा-बारा किलोमीटर आवाज जातो. परळमध्ये मात्र अँटेनासमोर चाळीस मजली टॉवर उभा असला, की त्याच्या मागच्या चाळीत खरखर सुरू होते. कार्यक्रमांपैकी निम्मे तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत आणि ध्वनिमुद्रणं तीन महिने जपून ठेवावीत, अशाही अटी आहेत. जाहिरातींना तासाला १२ मिनिटं मिळतात. २०२४ च्या सुधारणेपूर्वी ही मर्यादा ७ मिनिटं होती.

तुमच्यासाठी खरी अडचण वेगळीच आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम प्रसारित करायला मनाई आहे. आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी पुढे देता येतात, पण स्वतः बातमी करता येत नाही. पाणी-वीज, हवामान, वाहतूक, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या संधी, आरोग्याच्या सूचना, सण-उत्सवांचा वृत्तांत हे विषय बातमी धरले जात नाहीत. म्हणजे ‘उद्या पाणी येणार नाही’ हे सांगता येईल, पण ‘का येणार नाही आणि कोणाच्या निर्णयामुळे’ हे विचारलं की तुम्ही रेषेच्या पलीकडे गेलात. या कारणाने माझा सल्ला स्पष्ट आहे. राजकारण हा तुमच्या कार्यक्रमाचा कणा असेल, तर तो इंटरनेटवर करा. सोबत त्याच कार्यक्रमाची राजकारण वगळलेली एक आवृत्ती तयार ठेवा आणि ती परवानाधारक केंद्राला देऊ करा. गाणी, आरोग्य, शाळाप्रवेश आणि मुलाखतीतला वैयक्तिक अनुभवाचा भाग त्यात सहज जातो. केंद्रांना चांगल्या स्थानिक कार्यक्रमांची कायम गरज असते, त्यामुळे असा प्रस्ताव सहसा वाया जात नाही.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त चिनी एफएम ट्रान्समीटर घेऊन गच्चीवर लावायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो आत्ताच सोडा. बिनपरवाना प्रसारण हा गुन्हा आहेच, पण त्याहून गंभीर धोका तांत्रिक आहे. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा आणि संपर्काचा पट्टा सुरू होतो. स्वस्त ट्रान्समीटरला नीट फिल्टर नसतो, त्याची गळती वरच्या पट्ट्यात जाते, आणि आपल्या शहराच्या डोक्यावरून दिवसरात्र विमानं उतरत असतात. याच शहरात ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटर तरंगलांबीवर भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत जागा बदलत राहून. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आज तो आहे.

इंटरनेटवर प्रसारणाचा परवाना लागत नाही, पण कायदा लागू होतोच. बातम्या आणि चालू घडामोडी नियमितपणे प्रकाशित करणाऱ्यांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात. त्यातल्या आचारसंहितेच्या काही कलमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. तरीही तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं, तक्रारीची पोच २४ तासांत आणि उत्तर १५ दिवसांत देणं ही शिस्त पहिल्या भागापासून पाळा. गटातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं आणि ज्या आठवड्यात ते त्याच्याकडे असेल त्या आठवड्यात त्याने निवेदन करू नये. बदनामीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची आणि गुन्ह्यात अडकलेल्या किंवा बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. नाव गाळलं पण चाळ, खोली आणि शाळा सांगितली, तर ओळख उघड झालीच म्हणायची.

आता मजकूर. देशाच्या राजकारणावर बोलणारे चॅनेल शेकड्याने आहेत, तिथे तुमचा आठवड्याचा एक तास बुडून जाईल. तुमची ताकद विभाग कार्यालयाच्या पातळीवर आहे. गोवंडी-मानखुर्द म्हणजे एम पूर्व, परळ-लालबाग म्हणजे एफ दक्षिण. प्रत्येक विभागाला सहायक आयुक्त असतो, त्याच्याकडे रस्ते, गटारं, घनकचरा, परवाने, अतिक्रमण असतं. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. हा आकडा ऐकून कोणाच्याच हाती काही लागत नाही. पण आपल्या विभागातल्या एका दवाखान्याच्या दुरुस्तीला किती रक्कम ठेवली होती आणि वर्षअखेर किती खर्च झाली, हे सांगितलं की लोक जिन्यात थांबून ऐकतात. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात कोणत्या कामाची मंजुरी कोणी दिली, हे विचारणारा कार्यक्रम प्रत्येक वस्तीत चालला असता.

विषय कसा बारीक करायचा, याचं एक उदाहरण. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं साध्या बससाठी ५ वरून १० रुपये झालं. ‘भाडेवाढ योग्य की अयोग्य’ अशी चर्चा ठेवली, तर दोन वक्ते वीस मिनिटं भांडतील आणि ऐकणारा गाणं कधी लागतं याची वाट बघेल. त्याऐवजी मानखुर्दहून चेंबूरला घरकामाला जाणाऱ्या एका बाईंचा महिना मांडा. रोज दोन फेऱ्या, महिन्याचे २६ दिवस, आधी २६० रुपये, आता ५२०. मग विचारा, हे जादा २६० रुपये कुठून काढले? शेअर रिक्षा सोडली, की एका घरचं काम सोडलं, की चालायला लागल्या? त्यानंतर बेस्टची बाजू: तूट किती, महापालिका किती देते, स्वतःच्या मालकीच्या गाड्या किती उरल्या. हे आकडे अधिकृत कागदातून घ्या, बातमीच्या मथळ्यातून नको. बाई बोलल्यानंतर आकडे आले की ते पोचतात. आधी आकडे ओतले की बाईंचं बोलणंही कानाबाहेर जातं.

कागद मिळवायचे दोन सरळ मार्ग आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, ती ओलांडली की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. ‘रस्त्यांची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. ‘अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि अदा केलेल्या देयकांची प्रत’ असं मागा. दुसरा मार्ग फार कमी लोक वापरतात: राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. दोघांनी जा, एकाने वाचावं आणि दुसऱ्याने टिपावं. यामुळे कार्यक्रमाचं वेळापत्रकही ठरतं. अर्जाचं उत्तर महिन्याने येणार, म्हणून पुढच्या सहा भागांचे विषय आजच ठरलेले हवेत. दर आठवड्याला विषय शोधत बसणारा कार्यक्रम तिसऱ्या महिन्यात बंद पडतो.

स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहा. डावीकडे बोलायचं वाक्य, उजवीकडे त्याचा आधार: कोणता कागद, कोणतं पान, कोणाचं ध्वनिमुद्रण, कितव्या मिनिटाला. उजवा रकाना रिकामा असेल ते वाक्य प्रसारित होणार नाही, हा नियम कडक ठेवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला लेखी प्रश्न पाठवा आणि किमान ४८ तास द्या. उत्तर आलं तर त्याचा अर्थ न बदलता वाचा, नाही आलं तर कोणत्या तारखेला कोणत्या मार्गाने विचारलं तेवढंच सांगा. आवाज चढवू नका. शांतपणे सांगितलेल्या तारखा पुरेशा असतात.

बोलण्यातल्या आदराचीही काळजी घ्या. अधिकाऱ्याला ‘साहेब, साहेब’ आणि सफाई कामगाराला एकेरी, असं निवेदकाच्या नकळत होतं आणि श्रोत्यांना ते लगेच कळतं. अधिकाऱ्याला नाव आणि पद, कामगाराला नाव आणि काम, दोघांनाही ‘तुम्ही’. वस्तीतल्या वडीलधाऱ्या बाईंना मावशी किंवा ताई म्हणायची रीत असेल तर जरूर म्हणा, पण मग त्यांचं पूर्ण नावही एकदा सांगा. त्या बाई चर्चेत साक्षीदार म्हणून आलेल्या आहेत.

तासाची आखणी करताना ५७-५८ मिनिटांचाच मजकूर धरा. माझ्या मते चांगली बसणारी मांडणी अशी: परिचय धून आणि आजचे विषय दीड मिनिटात. मग लगेच वस्तीतला खरा आवाज, निवेदकाचं भाषण नको. मुख्य विषय बारा-तेरा मिनिटं, त्यातही एकाच व्यक्तीचा आवाज सलग अडीच मिनिटांच्या वर जाऊ नये. पहिलं गाणं. नंतर सामाजिक विषयाची मुलाखत दहा मिनिटं, दुसरं गाणं, मग श्रोत्यांचे आवाज आणि मागच्या भागातल्या दुरुस्त्या. शेवटची पंधरा मिनिटं एका कलावंताला द्या, दोन रचना आणि मध्ये गप्पा. दुरुस्त्यांची जागा ठरलेली असावी, अगदी ‘या आठवड्यात दुरुस्ती नाही’ एवढंच सांगायचं असलं तरी. विश्वास त्या अर्ध्या मिनिटावर उभा राहतो.

सामान फार लागत नाही. दोन डायनॅमिक मायक्रोफोन, त्यांच्या दोन एक्सएलआर केबल, दोन्ही मायक्रोफोन संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन, बाहेरच्या कामासाठी एक हातात मावणारा रेकॉर्डर आणि त्याला फोमची टोपी. कंडेन्सर मायक्रोफोन घेऊ नका. तो स्टुडिओत गोड वाजतो, पण दहा बाय दहाच्या खोलीत शेजारच्या कुकरची शिट्टी, पंखा आणि गल्लीतला हॉर्न सगळं टिपतो. डायनॅमिक मायक्रोफोन तोंडापासून मूठभर अंतरावर, थोडा तिरका धरला की ‘प’ आणि ‘भ’ चे धक्के बसत नाहीत. पंखा आणि फ्रिज बंद, खिडकीला गोधडी, मागच्या भिंतीला उभी गादी. फ्रिज परत चालू करायचं विसरलं जातं, म्हणून गाडीची किंवा घराची किल्ली फ्रिजवर ठेवा. पावसाळ्यात पत्र्याखाली दुपारी मुद्रण ठरवू नका, सर कोसळली की सगळं थांबतं.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. साध्या बोलण्याची पातळी उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट सांधला जात नाही, कमी आवाज मात्र वाढवता येतो. प्रत्येक ठिकाणी कोणी न बोलता एक मिनिटभर तिथली शांतता मुद्रित करा. संपादनात वाक्य कापलं की त्या जागी हीच शांतता भरायची असते. नाहीतर पार्श्वभूमीचा आवाज मध्येच तुटतो आणि कापलेलं ऐकू येतं. लोकल जात असेल तर ती पूर्ण जाऊ द्या आणि प्रश्न पुन्हा विचारा. अर्ध्या लोकलवर कापलेली मुलाखत जोडता येत नाही.

लांबच्या पाहुण्याशी फोनवर बोलायचं असेल, तर साध्या कॉलच्या आवाजावर अवलंबून राहू नका. पाहुण्याने कॉल एका फोनवर घ्यावा आणि दुसऱ्या फोनच्या रेकॉर्डरवर स्वतःचा आवाज मुद्रित करावा. मग ती फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. व्हॉइस नोट केली तर आवाज दाबला जातो. सुरुवातीला दोन्हीकडे ऐकू येईल अशी एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही मुद्रणं जुळवता येतात. तासाभराच्या बोलण्यात दोन यंत्रांमध्ये सेकंदाच्या एक-दोन दशांशांचा फरक पडू शकतो, म्हणून मध्येही एकदा जुळवून घ्या.

संपादन ऑडॅसिटी किंवा रीपरमध्ये होतं. ८० हर्ट्झच्या खालचं कापा, मोठा-लहान आवाज जवळ आणणारा कॉम्प्रेसर हलका लावा, नॉइज रिडक्शन जपून. ते जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. शेवटी सगळ्या तासाची ऐकू येणारी पातळी मोनोत (डावा-उजवा आवाज एकच) उणे १९, स्टिरिओत (दोन्ही वेगळे) उणे १६ लफ्सला (LUFS, या पातळीचं एकक) आणा. इथे एक चूक फार होते: गाणं आणि बोलणं वेगवेगळ्या पातळीवर राहतं आणि श्रोत्याला सारखं बटण फिरवावं लागतं. मीटरवर समान दिसलं तरी दाबून मिसळलेलं गाणं बोलण्यापेक्षा मोठं वाटतं. गाणी दोन लफ्स खाली ठेवून फोनच्या स्पीकरवर ऐकून बघा, हेडफोनवर नव्हे. तुमचा श्रोता भांडी घासताना फोन ओट्यावर ठेवून ऐकणार आहे.

ओळख लपवायची असेल तर आवाजाचा सूर बदलण्यावर भरवसा ठेवू नका. सूर उलटा फिरवून मूळ आवाज काढता येतो. माणसाचे शब्द तसेच ठेवून दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि तसं प्रसारणात सांगा.

गाण्यांच्या बाबतीत मी आग्रहाने सांगेन की चित्रपटगीतं वाजवू नका. एफएम केंद्रांसाठी कॉपीराइट कायद्यात वैधानिक परवान्याची (मालकाच्या वेगळ्या संमतीशिवाय ठरलेल्या दराने वाजवण्याची) ३१-ड ही तरतूद आहे, पण ती इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं. म्हणजे तुम्हाला ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि शब्द-चालीच्या हक्कधारकाची, अशा दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. ‘तीस सेकंद चालतं’ ही समजूत निराधार आहे. यूट्यूबवर टाकलं तर यंत्रच गाणं ओळखतं आणि आवाज बंद करतं किंवा जाहिरातीचं उत्पन्न दुसऱ्याकडे वळवतं. गणपतीच्या मंडपाशेजारी घेतलेल्या मुलाखतीत मागे लाउडस्पीकरवरचं गाणं असेल, तर तेही ओळखलं जातं. मुलाखत आरतीच्या वेळा सोडून घ्या किंवा गल्ली बदला.

कोणतं मुक्त आहे हे मोजायची रीत अशी. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर तसाच मोजून ६० वर्षं. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या लावण्यांचे शब्द २००६ पासून मुक्त आहेत. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या रचना २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत, त्या वाजवायला परवानगी हवी, मग गाणारा तुमच्याच गल्लीतला का असेना. जात्यावरच्या ओव्या, भारुडं, गवळणी, संतांचे अभंग यांचे शब्द सगळ्यांचे, पण आज ते गाणाऱ्याचा कलावंत म्हणून वेगळा हक्क असतो. म्हणून प्रत्येक गायकाकडून साध्या मराठीत एक पानाची लेखी परवानगी घ्या: कोणती रचना, कुठे वाजणार, नाव कसं सांगणार, मानधन किती, आणि परवानगी अनन्य नाही. गायकाला ती रचना इतर कुठेही गायला-विकायला मोकळीक राहते, हे स्पष्ट लिहा. मानधन थोडं असलं तरी ठरवून, त्याच दिवशी द्या. चळवळीतल्या गायकांना फुकट बोलवायची सवय या शहराला फार आहे. ती आपण पुढे चालवू नये.

या शहरात गायला माणसं कमी नाहीत. गिरणगावातली भजनी मंडळं आणि डबलबारीचे कोकणी बुवा, शक्ती-तुऱ्याचे शाहीर, आंबेडकरी जलशाचे आणि भीमगीतांचे गायक, धारावीतले रॅप करणारे तरुण, कव्वालीचे फड. यांच्या रचना राजकारणापासून वेगळ्या नसतातच. पाण्यावरच्या चर्चेनंतर पाण्यावरचंच गाणं लावायची गरज नाही, ते शालेय वाटतं. त्या विषयात बोललेल्या माणसांच्या भागातलं गाणं लावा, संबंध आपोआप लागतो.

जलशाचं मुद्रण ही वेगळीच कसोटी आहे. डफाचा एक फटका गायकाच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून पातळी डफावर ठरवा, शब्दांवर नाही. मुख्य शाहिराला स्वतंत्र मायक्रोफोन एका वितीवर, मागे साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांना मिळून एक, तीन-चार फुटांवर, अर्धवर्तुळात उभे. डफवाला मुख्य मायक्रोफोनच्या पाठीमागच्या बाजूला, कारण त्या बाजूने मायक्रोफोन कमी ऐकतो. ढोलकी असेल तर शाईच्या पुडाकडे एक मायक्रोफोन हातभर अंतरावर. तुणतुणं कितीही बारीक वाटलं तरी त्याला वेगळा मायक्रोफोन देऊ नका, नंतर तेच डोक्यात वाजत राहतं. मुद्रण झाल्यावर सगळं मोनोत ऐका. दोन मायक्रोफोन चुकीच्या अंतरावर असले तर स्टिरिओत भरगच्च वाटणारा आवाज मोनोत पोकळ होतो, आणि फोनच्या स्पीकरवर तो तसाच पोचणार आहे.

प्रसारणासाठी थेट स्ट्रीम आणि साठवलेली फाइल, दोन्ही ठेवा. थेट प्रसारणाला आइसकास्ट किंवा अझुराकास्टचा सर्व्हर आणि घरून पाठवायला बट किंवा मिक्स हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ६४ किलोबिट मोनोवर शंभर श्रोते म्हणजे सेकंदाला ६.४ मेगाबिट, तासाला जवळपास २.९ गिगाबाइट. सर्व्हरचा प्लॅन या हिशोबाने घ्या. स्ट्रीमचा पत्ता सुरक्षित जोडणीवर (https) नसेल, तर ब्राउझर तो पानावर वाजूच देत नाही, आणि नव्या गटांचा पहिला रविवार याच्यातच जातो. राउटरला छोटा यूपीएस लावा. थेट प्रसारणात फोन घेणार असाल तर श्रोता दहा ते तीस सेकंद मागे ऐकत असतो, त्याला स्वतःचा रेडिओ बंद करायला सांगावं लागतं. राजकीय चर्चा मात्र सुरुवातीचे दोन-तीन महिने आधी मुद्रित करूनच द्या. थेट कार्यक्रमात कोणी बोलून गेलेली बदनामी मागे घेता येत नाही.

खरे श्रोते व्हॉट्सॲपवर आहेत. तासभराची ६४ किलोबिटची फाइल २८.८ मेगाबाइट होते, ती फारसं कोणी उतरवत नाही. त्याच तासाचे सात ते दहा मिनिटांचे तुकडे करा. दहा मिनिटं म्हणजे पाच मेगाबाइटच्या आत. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि विषय बोललेलं हवं, कारण फाइल चार गटांतून फिरली की सोबतचा मजकूर गळून पडतो. मागचा-पुढचा संदर्भ तोडला तर अर्थ उलटेल असं वाक्य तुकड्याच्या टोकाला ठेवू नका. ज्यांच्याकडे डेटा नाही त्यांच्यासाठी मिस्ड कॉलवर उलटा फोन येऊन कार्यक्रम ऐकू येईल अशी सोय करता येते. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वरने २०१० पासून फोनवर बातम्या नोंदवणं आणि ऐकणं हेच रुजवलं. खर्च मिनिटाप्रमाणे येतो, म्हणून तिथे फक्त आठ मिनिटांचा सारांश ठेवा. आणि महिन्यातून एकदा समाजमंदिरात किंवा चाळीच्या गच्चीवर पंधरा-वीस जणांना एकत्र बसवून भाग ऐकवा. कोणत्या मिनिटाला लोक कुजबुजायला लागले, हे टिपा. डाउनलोडच्या आकड्यांनी ते कळत नाही.

निवडणुकीच्या काळात उमेदवारांना बोलावणार असाल तर सगळ्यांना सारखे प्रश्न, सारखा वेळ, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून. कोणाला किती मिनिटं मिळाली याची नोंदवही ठेवा. विधानसभा-लोकसभेला मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास प्रचाराचा मजकूर बंद असतो. थेट प्रसारण थांबवलं तरी जुने तुकडे वेळापत्रकावर आपोआप जात राहतात, तेही थांबवा. मतदानोत्तर अंदाज सांगायला आयोगाने ठरवलेल्या काळात मनाई असते. पैशाबाबत: उमेदवार, नगरसेवक, त्यांची मंडळं आणि विकासक यांच्याकडून दहीहंडीच्या जाहिरातीएवढीही रक्कम घेऊ नका. शंभर-दोनशे रुपयांचे मासिक सभासद, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी कार्यक्रमातच वाचून दाखवा.

जतनाचं काम पहिल्या आठवड्यापासून करा. मूळ वेव्ह फाइल, संपादनाचा प्रकल्प आणि अंतिम फाइल दोन डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. तळमजल्यावर असाल तर डिस्क माळ्यावर, पाणी भरतं. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, विभाग, विषय या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप लागते. प्रत्येक भागासोबत एक कागद: कोण बोललं, कोणाची लेखी परवानगी आहे, कोणती गाणी, गायक-वादक कोण, आणि कोणत्या कागदाचा आधार घेतला. ज्यांचं नाव लपवायचं आहे त्यांची यादी मात्र या कागदावर नको. ती वेगळ्या, कुलूपबंद जागी आणि गटातल्या दोघांनाच माहीत असलेली.